थेरपीचं सत्र सरकारी विम्यात बसवायचं कसं? महात्मा फुले योजना, निरामय आणि औंधचं डीईआयसी

औंधकर (धागाकर्ता)

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न बघता ते सगळ्या कुटुंबांना लागू झालं. उपचारांची यादी १,३५६ वरून २,३९९ वर न्यायचंही ठरलं. तरीसुद्धा सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची ऑक्युपेशनल थेरपी, ऑटिझमच्या मुलीची स्पीच थेरपी किंवा पक्षाघातानंतर महिनोन् महिने चालणारी फिजिओथेरपी घेणाऱ्याला नेहमीच्या सत्रांसाठी या पाच लाखांचा उपयोग होत नाही.

यामागचं कारण योजनेच्या फॉर्ममध्येच आहे. आरोग्यमित्राच्या (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) खिडकीवर केस उघडली की पुढचा क्रम ठरलेला असतो: तज्ज्ञाचं निदान, पॅकेजचा कोड, पूर्वपरवानगी, दाखल तारीख, खाटेवरच्या रुग्णाचा फोटो, डिस्चार्ज समरी, शेवटी दावा. थेरपीला येणारं मूल खाटेवर झोपत नाही. आठवड्यातून तीनदा येतं, पाऊण तास चटईवर, झोक्यावर, आरशासमोर काम करतं आणि आईच्या कडेवर घरी जातं. त्याच्यासाठी 'दाखल तारीख' या रकान्यात लिहिणार काय?

आता डायलिसिस बघा. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार तास मशीनवर असतो, घरी जातो. हे वर्षानुवर्षं चालतं आणि सरकारी योजनेतून त्याचे पैसे मिळतात. केमोथेरपीचंही तसंच. शिवाय महात्मा फुले योजनेच्या ९९६ उपचारांच्या जुन्या यादीसोबत १२१ फॉलोअप पॅकेजेस होती, म्हणजे घरी गेलेल्या रुग्णाच्या पुढच्या तपासण्या-औषधांना पैसे देण्याची पद्धत या योजनेला माहीत आहे. त्यामुळे 'आमची योजना दाखल रुग्णांसाठीच आहे' हे उत्तर मला पटत नाही.

माझ्या मते मागणी अशी हवी: २४ सत्रांचा एक गट, मुदत १२ आठवडे, सत्र ४५ मिनिटांचं. पहिल्या गटाची मंजुरी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीने (विकासात अडचण असलेल्या मुलांची तपासणी आणि उपचार करणारं सरकारी केंद्र) किंवा मेडिकल कॉलेजने द्यायची, पुढच्या गटाआधी फेरतपासणी. आठवड्याला तीन सत्रं धरली तर २४ सत्रं आठ आठवड्यांत संपतात. वरचे चार आठवडे आजारपण, पाऊस, परीक्षा यांच्यासाठी. मुदत नेमकी आठ आठवड्यांची ठेवली तर तिसऱ्या आठवड्यात ताप आलेल्या मुलाची राहिलेली सत्रं वाया जातात.

अडलंय ते खात्यांच्या भांडणात. आरोग्य खातं म्हणतं, हे पुनर्वसन आहे, दिव्यांग कल्याणकडे जा. दिव्यांग कल्याण विभाग ३ डिसेंबर २०२२ ला वेगळा झाला, पण त्याच्याकडे रुग्णालयं नाहीत. शिक्षण खात्याच्या समग्र शिक्षामधून काही मुलांना थेरपी मिळते, पण ती शाळेत नाव असलेल्यांना, आणि थेरपीची सगळ्यात जास्त गरज असते तीन वर्षांच्या आतल्या मुलाला.

पेठेतला

निरामय आहे ना? त्यात थेरपी स्पष्ट लिहिलेली आहे. वेगळं पॅकेज कशाला मागायचं?

सत्रनोंद

पेठेतला, निरामय आहे आणि प्रत्येक पात्र कुटुंबाने ते घ्यावंच. पण ते किती पुरतं याचा हिशेब करा.

निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्यविमा योजना. ट्रस्टचा कायदा १९९९ चा, त्यात चारच गट: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, बहुदिव्यांगता. फक्त कर्णबधिर असलेलं मूल किंवा फक्त लर्निंग डिसॅबिलिटी असलेलं मूल यात येत नाही. नोंदणी फी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि वरच्यांना ५०० रुपये, नूतनीकरण ५० आणि २५०. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्षाचं एकूण संरक्षण १ लाख, पण ते कप्प्यांत वाटलेलं. थेरपीचा कप्पा आधी १० हजारांचा होता, नंतर २० हजार झाला. सत्राला ५०० रुपये धरले तर २० हजारांत ४० सत्रं बसतात. आठवड्याला तीन या हिशेबाने वर्षाला दीडशेच्या आसपास लागतात. उरलेली ११० सत्रं, म्हणजे ५५ हजार रुपये, घरातून. तेसुद्धा आधी भरायचे आणि मग परत मागायचे.

दावे कुठे अडतात ते सविस्तर लिहितो, कारण केंद्रं आणि पालक दोघंही त्याच त्याच चुका करतात.

'थेरपी चार्जेस, जून महिना, ६,००० रु.' एवढी एकच ओळ असलेलं बिल अडतं. बिलावर मुलाचं नाव निरामय कार्डावर आहे अगदी तसंच हवं. कार्डावर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि बिलावर नसेल तर शंका काढली जाते. थेरपीचा प्रकार, प्रत्येक सत्राची तारीख, एका सत्राचा दर, एकूण सत्रं, पावती क्रमांक, सही-शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक. स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषद) सीआरआर, म्हणजे नोंदणी क्रमांक. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि फिजिओचा महाराष्ट्राच्या राज्य परिषदेचा. केंद्राच्या मालकाची सही आणि प्रत्यक्ष थेरपिस्ट वेगळा असेल तर थेरपिस्टचीही सही घ्या.

डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'थेरपी चालू ठेवा' एवढं पुरत नाही. कोणती थेरपी, आठवड्याला किती सत्रं, किती महिने, आणि चिठ्ठीची तारीख पहिल्या सत्राच्या आधीची. ही तारीख चुकली की त्याआधीच्या सगळ्या सत्रांवर पाणी सोडावं लागतं.

विशेष शिक्षणाची फी थेरपीच्या बिलात मिसळू नका. पुष्कळ केंद्रं महिन्याचं एकच ठोक बिल देतात. त्यात एक शैक्षणिक ओळ असली की पूर्ण बिल लटकतं. केंद्राला दोन पावत्या मागा.

वर्ष एप्रिल ते मार्च. दावे महिन्याच्या महिन्याला पाठवा आणि नूतनीकरण मार्चच्या आत करा. खंड पडला तर त्या काळातली सत्रं गेली. कार्ड मध्येच फेब्रुवारीत काढलं तरी ते मार्चअखेर संपतं, हेही नोंदणीच्या वेळी कोणी सांगत नाही.

बिबवेवाडी

वरच्या माहितीत एक भर. घरातला कमावता माणूस ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विम्यात असेल (पगार मर्यादा २१ हजार, दिव्यांग कर्मचाऱ्याला २५ हजार), तर तिथे ओपीडीसुद्धा येते आणि पाच लाखांसारखी कमाल मर्यादा नसते. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के त्यासाठीच कापलेले असतात. त्यामुळे आधी बिबवेवाडीच्या ईएसआयसी रुग्णालयातून थेरपीचा लेखी सल्ला घ्या. तिथे थेरपिस्ट उपलब्ध नसेल तर तसं लेखी घेऊन बाहेरच्या केंद्राचं रेफरल मागा. तोंडी 'बाहेर करून घ्या' ऐकून बाहेर गेलात तर नंतर पैसे मागायला कागदच उरत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही ऑटिझमच्या थेरपीला प्रतिसत्र दर ठरलेला आहे. म्हणजे सत्राचा दर ठरवणं सरकारला जमतं.

हिशेबनीस

औंधकर, तुमचं डायलिसिसचं उदाहरण चांगलं आहे, पण खरी लढाई दरावर होणार. पॅकेज यादीत आलं आणि दर २०० रुपये ठेवला तर एकही चांगलं केंद्र योजनेत येणार नाही. यादीत नाव असूनही खाजगी रुग्णालयं दर परवडत नाही म्हणून केस घेत नाहीत, हा अनुभव महात्मा फुले योजनेत पुष्कळ उपचारांना आलेला आहे.

केंद्राचा खर्च मांडून बघू. थेरपिस्टचा पगार महिना ३५ हजार धरा. दिवसाला सहा सत्रं, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १४४ सत्रं. पण मुलं गैरहजर राहतात. पंधरा टक्के गळती धरली की १२२ उरतात. नुसत्या पगाराचेच सत्राला २८७ रुपये झाले. भाडं, वीज, साहित्य, मदतनीस, नोंदींचा वेळ, दावा भरणाऱ्या माणसाचा पगार धरला तर ४५० च्या खाली कोणालाही परवडत नाही. त्यात दाव्याचे पैसे चार-पाच महिने उशिरा आले तर छोटं केंद्र बंदच पडेल. म्हणून दराइतकीच 'किती दिवसांत पैसे' ही अट मागणीत हवी.

दराचं राजकारण कसं चालतं हे बघायला ऑस्ट्रेलियाचं ताजं उदाहरण आहे. तिथल्या एनडीआयएस या दिव्यांग विमा योजनेत १ जुलै २०२५ पासून फिजिओचा तासाचा कमाल दर १९३.९९ डॉलरवरून १८३.९९ वर आणला आणि थेरपिस्टला प्रवासाच्या वेळेसाठी मिळणारे पैसे निम्मे केले. घरी जाऊन सत्र देणं परवडणार नाही, असं थेरपिस्टांच्या संघटना तेव्हापासून सांगताहेत. लगेच ऑगस्टमध्ये तिथल्या केंद्र सरकारने सौम्य ते मध्यम गरज असलेल्या लहान मुलांना एनडीआयएसमधून काढून 'थ्रायव्हिंग किड्स' या वेगळ्या कार्यक्रमात नेण्याचं जाहीर केलं, स्वतःचे २०० कोटी डॉलर ठेवले आणि तेवढेच राज्यांकडे मागितले. केंद्र आणि राज्य यांच्यातली तीच ओढाताण. एवढा पैसा असलेल्या देशात मुलं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलली जातात, तर आपल्याला किती सावध राहायला हवं!

आपल्याकडे आयुष्मान भारतच्या यादीतल्या कुटुंबांचा खर्च केंद्र-राज्य ६०:४० वाटून घेतात. त्या यादीबाहेरच्या कुटुंबांचा सगळा भार राज्यावर. सरसकट योजना झाल्यावर हा दुसरा गट फुगला, म्हणून वित्त विभाग नव्या पॅकेजला कचरतो. त्यात २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचे पैसे लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दुबळ्या खात्याच्या पैशाचं काय होतं ते यावरून कळतं. थेरपीचे पैसे दिव्यांग विभागाच्या नावावर टाकले तर पहिली कात्री तिथेच लागेल. ते आरोग्यविम्याच्या पॅकेजमध्येच हवेत, हे औंधकरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

नदीपात्र

मला उलट वाटतं. विम्यातून खाजगी केंद्रांना पैसे देण्याआधी जे सरकारी केंद्र आहे ते भरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब अशी चौकट, वय ० ते १८. अंगणवाडी-शाळेत तपासणारी पथकं मुलं शोधतात आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे पाठवतात. आपल्या पुणे जिल्ह्याचं औंधला. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ किंवा ओटी, ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, ऑप्टोमेट्रिस्ट, समाजसेवक एका छताखाली असणं अपेक्षित आहे. मोफत.

अशा केंद्रांचा जीव पदांत अडकलेला असतो. पदं आरोग्य अभियानाची, कंत्राटी. स्पीच थेरपिस्टला बाहेर जास्त पैसे मिळतात, तो सोडून जातो, जाहिरात निघेपर्यंत महिने जातात. तोवर खोली आहे, आरसा आहे, थेरपी बॉल आहे, माणूस नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी नियमित करण्यासाठी संप केला, तो याच दुखण्यातून.

आणि अंतराचं काय? जुन्नर किंवा भोरहून आठवड्याला तीनदा औंधला कोण येणार? एका पालकाची मजुरी बुडते ती वेगळीच. उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट पाठवणं विमा पॅकेजपेक्षा स्वस्त पडेल.

औंधकर

नदीपात्र, दोन्ही हवं. पॅकेज झालं तर डीईआयसीलाही दावा करता येईल आणि त्या पैशातून थेरपिस्टला प्रोत्साहन भत्ता देता येईल. योजनेत सरकारी रुग्णालयं दावे करतातच. मी मंजुरी डीईआयसीकडे ठेवली ती याचसाठी, ते केंद्र रिकामं ठेवणं मग सरकारला परवडणार नाही.

कर्वेनगर_सायको

मानसिक आरोग्याचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. कलम २१(४) सांगतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. विमा नियामक आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये तसं परिपत्रक काढलं. तरी समुपदेशनाला, सीबीटीला (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा मानसोपचार) पैसे मिळत नाहीत, कारण तुलना शारीरिक आजाराशी आहे आणि शारीरिक आजाराचीही ओपीडी बहुतेक पॉलिसींत नाही. दाखल झालात तर पैसे, दाखल होऊ नये म्हणून दर आठवड्याला सत्र घेतलंत तर काही नाही. नैराश्याच्या माणसाला १२ ते २० सत्रांत पुष्कळ फरक पडू शकतो, आणि ती सत्रं एका भरतीपेक्षा स्वस्त असतात.

१४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे (ऑक्टोबर २०२२ पासून). ते पहिल्या आधाराला चांगलं, पण एकाच थेरपिस्टकडे ठरलेली सत्रं ही वेगळी गोष्ट. मागणीच्या मसुद्यात 'थेरपी' या शब्दाची व्याख्या करताना मानसोपचाराची सत्रं वगळू नका. आत्ता राहिली तर पुढची दहा वर्षं राहतील.

सत्रनोंद

फेरतपासणीबद्दल एक कळकळीची सूचना. 'प्रगती दाखवा, मग पुढचा गट मंजूर' असा नियम करताना कोणतं मोजमाप वापरायचं ते फार जपून ठरवा. ऑटिझमसाठी आपल्याकडे आयसा ही ४० प्रश्नांची मोजपट्टी आहे. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, त्याखाली प्रमाणपत्राची पातळी गाठत नाही. ती प्रमाणपत्रासाठी बनवलेली आहे. तीच प्रगतीसाठी वापरली तर मूल सुधारलं की त्याचं प्रमाणपत्र धोक्यात आणि नाही सुधारलं तर सत्रं बंद. दोन्हीकडून शिक्षा मुलालाच.

सेरेब्रल पाल्सीत हालचालीची क्षमता सांगणारे जीएमएफसीएसचे पाच स्तर वापरतात, पाचवा सगळ्यात गंभीर. पाचव्या स्तरावरचं मूल तिसऱ्यावर येत नाही, थेरपीचा उद्देशही तो नसतो. सांधे आखडू नयेत, गिळताना ठसका लागू नये, खुब्याचं हाड सरकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये, यासाठी सत्रं असतात. 'काहीच बदल नाही' हे तिथे यश असतं. म्हणून नियमात 'प्रगती किंवा स्थिती टिकवणे' असे शब्द हवेत, आणि मोजमाप म्हणून प्रत्येक मुलाची तीन लेखी उद्दिष्टं. उदाहरणार्थ 'आधाराशिवाय १० मिनिटं बसणं', 'चमचा स्वतः तोंडापर्यंत नेणं', 'पाणी हवं असल्यास खुणेने मागणं'. पालकाला ती वाचता आणि तपासता येतात.

खोट्या सत्रांचा धोका खरा आहे, तो नाकारू नये. उपाय: प्रत्येक सत्राला पालकाच्या मोबाईलवर ओटीपी किंवा सही, थेरपिस्टमागे दिवसाला जास्तीत जास्त आठ सत्रांचे दावे. चार थेरपिस्ट असलेल्या केंद्राने एका दिवशी ६० दावे टाकले तर संगणकानेच ते थांबवावेत.

कोथरूडकर

राजकारणाच्या बाजूने सांगतो. दिव्यांग मुलांचे पालक एकटे पडतात, कारण आमदाराच्या नजरेत ही मतं थोडी. फिजिओथेरपी लागणारे ज्येष्ठ मात्र प्रत्येक प्रभागात आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण आहे. पण आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवसच येतात. पक्षाघाताचा माणूस पंधराव्या दिवशी नुकता कुठे भिंत धरून उभा राहायला लागलेला असतो. पुढचे तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे आणि तिथेच पैसे थांबतात.

पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत, त्यांचं म्हणणं सगळे पक्ष ऐकतात. पालकांचे गट आणि ज्येष्ठ संघ यांनी एकच निवेदन द्यावं: सत्राधारित थेरपी पॅकेज, सर्व वयांसाठी. मूल १८ पूर्ण झाल्यावर डीईआयसीचं दार बंद होतं, तो प्रश्नही त्यातच सुटतो.

वेळापत्रक पाळा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत. पावसाळी अधिवेशन आणि डिसेंबरचं नागपूर इथे पुरवणी मागण्या येतात, पण नवं पॅकेज तिथे शिरत नाही. नागपूरला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावून मंत्र्यांकडून सभागृहात उत्तर घ्यायचं आणि ते उत्तर हातात धरून जानेवारीत वित्त विभागाकडे जायचं. आरोग्य अभियानाचा जिल्ह्याचा आराखडाही नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी हिवाळ्यातच बनतो. मार्चमध्ये निवेदन देणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं शोधणं.

महापालिकेकडे वेगळं मागा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकाकडे जावं लागायचं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर प्रभागात विचारायला माणूस आहे. त्या निधीतून पालिकेच्या दवाखान्यांत थेरपीच्या खोल्या आणि साहित्य मागा.

पेठेतला

माझा प्रश्न घाईचा होता, आता चित्र स्पष्ट झालं. एकच विचारतो: कायद्यात कुठे बोट ठेवायचं?

औंधकर

दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २४(३)(जे): ज्या दिव्यांगांना ईएसआय किंवा इतर सरकारी विमा नाही त्यांच्यासाठी सर्वंकष विमा योजना. एक इशारा: महात्मा फुले सरसकट झाल्यामुळे 'आता सगळ्यांना विमा आहे, कलम पूर्ण झालं' असं उत्तर मिळू शकतं. म्हणून कलम २५ सोबत जोडा, आरोग्यसेवेचं. तक्रार दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, कार्यालय पुण्यातच चर्च रोडला आहे.

नदीपात्र

डीईआयसीचा माहिती अधिकार अर्ज कोणाला टाकायचा असेल तर: फी १० रुपये, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. प्रश्न असे ठेवा: केंद्रातील मंजूर पदे, भरलेली पदे, प्रत्येक रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त, मागील १२ महिन्यांत महिनावार दिलेली ओटी, फिजिओ आणि स्पीच थेरपीची सत्रे, पहिल्या नोंदणीपासून पहिल्या सत्रापर्यंतचा प्रतीक्षाकाळ. 'का भरली नाहीत' असं विचारू नका, कारण विचारलं की 'माहिती या व्याख्येत बसत नाही' म्हणून परत येतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

कर्वेनगर_सायको

मनोरुग्णालयाच्या ओपीडीतल्या समुपदेशन सत्रांसाठी वेगळा अर्ज करते, विषय वेगळा धरला जाईल. मसुदा उद्या इथेच टाकते.